तुमचा पेस काय?

हे भराभर वाचायचं लिखाण नाही. मध्येमध्ये थांबायचं आहे, डोळे मिटायचे आहेत आणि जमलं तर चपला काढून तळवे फरशीवर टेकवून बसायचं आहे. टाच, चवडा, अंगठा. दोन्ही पायांवर सारखा भार आहे का, ते बघा. बहुतेकांचा नसतो. दिवसभर आपण कुठल्या पायावर जास्त रेलतो, हे आपल्याला कुणी विचारत नाही. लांब अंतर धावायला लागलं की तो पायच ते सांगतो, पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला, पोटरीत गोळा आणून.

आता एक जागा मनात आणा. दादरचं शिवाजी पार्क, रविवार, पहाटेचे पावणेपाच. ऑगस्ट महिना. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच उघडला आहे. कट्टा ओला आहे आणि दिव्यांखाली झाडांची पानं चकाकताहेत. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणजे हातात पाचेक महिने आहेत. २००४ साली ती सुरू झाली, तेव्हापासून या शहरात असे ऑगस्ट उगवू लागले. त्याआधीही लोक इथे पळत होतेच, पण बेचाळीस किलोमीटर पळायचं म्हणून एरवी शांत झोपणारी माणसं गजर लावू लागली ती नंतर.

मैदानाच्या एका कोपऱ्याशी दहा-पंधरा जण जमलेत. कुणी पाय मागे दुमडून मांडी ताणतंय, कुणी नाडीला दुसरी गाठ मारतंय. एक बाई काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला सवयीने व्हॅसलीन चोपडताहेत, कारण घामाने ओला झालेला कपडा दोन तास घासला की तिथली कातडी सोलवटून निघते, हे त्यांना ठाऊक आहे. तुम्ही रस्त्याच्या अलीकडे उभे आहात. अजून ओलांडलेला नाही.

इथे थांबा. रस्ता ओलांडण्याआधी मनात काय काय येतं, तेवढंच बघा.

यांच्या पोटऱ्या बघ कशा आहेत. माझे बूट फार नवे दिसताहेत. माझं पोट. माझं वय. मी सगळ्यांचा खोळंबा करणार. प्रत्येकाची यादी वेगळी असेल, पण शेवटचं वाक्य साधारण सारखं असतं: आपण एकटेच बरे. या वाक्याजवळ जरा जास्त वेळ रेंगाळा. एकट्याने पळण्यात खरोखर सुख आहे. वेळ आपली, वाट आपली, मनात आलं तर वळावं, नाही तर वळू नये. ते सुख खोटं नाही. मात्र त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी दडून बसलेलं असतं. एकटे असताना आपण पळायचं सोडून चालू लागलो, तर ते कुणाला दिसत नाही. तुम्हाला एकांत आवडतो की साक्षीदार नको असतो? आत्ता उत्तर द्यायची गरज नाही. प्रश्न खिशात ठेवा आणि रस्ता ओलांडा.

पलीकडे पोचल्यावर नाव विचारतीलच, पण लगेच दुसरा प्रश्न येतो: तुमचा पेस काय?

पेस म्हणजे एक किलोमीटर पळायला लागणारी मिनिटं. कुणी सहा सांगतं, कुणी साडेसात, कुणी नऊ. त्यावरून तुम्हाला पुढच्या घोळक्यात टाकायचं की मागच्या, ते ठरतं. प्रश्न अगदी कामाचा आहे, विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. तरी ऐकणारा किंचित चपापतो. कुठे राहता, काय करता, मुलं किती, या सगळ्यांची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. हे उत्तर उघडं पाडणारं असतं, म्हणून लग्नाच्या बायोडाटातल्या उंचीसारखं ते थोडं वाढवून सांगितलं जातं. मागे कधीतरी डिसेंबरातल्या गार पहाटे सपाट रस्त्यावर एकच किलोमीटर जो वेग निघाला होता, तो आपला पेस, असं आपण मनाशी धरून बसलेले असतो.

आणि हा ऑगस्ट आहे. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही. तो वाळला नाही तर अंग थंड होत नाही, आणि अंग थंड ठेवायच्या खटपटीत हृदयाला त्याच वेगासाठी जास्त ठोके टाकावे लागतात. म्हणजे डिसेंबरचा सहा हा ऑगस्टचा सहा नव्हेच. पेस माणसाचा असतो तितकाच हवेचाही असतो, आदल्या रात्रीच्या झोपेचा असतो, घरात आजारी कुणी असेल तर त्या आजारपणाचाही.

डोळे मिटा. आज, या महिन्यात, आहे त्या झोपेवर आणि आहे त्या काळज्यांसकट तुमचा पेस काय आहे? तुमचा सगळ्यात चांगला पेस नको, शेजाऱ्याचाही नको. आकडा यायलाच हवा असं नाही. तोंडावर आलेलं पहिलं उत्तर जाऊ द्या आणि दुसऱ्याची वाट पाहा.

निघायची वेळ झाली. अशा घोळक्यात एक जुना जाणता असतो, ज्याला सगळे सर म्हणतात. तो शिक्षक असेलच असं नाही. बँकेतून निवृत्त झालेलाही असू शकतो. तो सांगतो, “आज गप्पा मारत पळायचं. ज्याची बोलती बंद झाली तो जोरात पळतोय.” नव्या माणसाला ही गंमत वाटते. पण ती मोजपट्टी आहे, आणि मनगटावरच्या महागड्या घड्याळापेक्षा पुष्कळदा खरी.

करून पाहा. बसल्या जागी तुमचा घरचा पत्ता मोठ्याने म्हणा. खोली किंवा फ्लॅटचा नंबर, इमारत, रस्ता, गाव, पिनकोड. सहज झालं. आता आपण पळतोय अशी कल्पना करा आणि पुन्हा म्हणा. इमारतीच्या नावापाशीच श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. पिनकोडपर्यंत निवांत पोचलात तर बरोबर. रविवारची लांब धाव या दुसऱ्या वेगाने करायची असते, आणि याच वेगाचा आपल्याला कंटाळा येतो.

हा वेग इतका महत्त्वाचा का, ते पायाखाली घालण्यासारखं आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या आसपास सरत येते. पुढचे बारा किलोमीटर उरलेलेच असतात. धावणारे त्या जागेला भिंत म्हणतात, कारण तिथे माणूस हळू होत जात नाही, आदळतो. दर आठवड्याला सावकाश, लांब पळत राहिलं की शरीर चरबीवर जास्त भागवायला शिकतं, स्नायूंत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि साखर पुरवून पुरवून वापरली जाते. हे शिकणं घाईत होत नाही. त्यातही शरीराचे सगळे भाग एका चालीने शिकत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडांना, आणि स्नायू हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांना महिने लागतात. एकटा धावणारा नेमका इथे फसतो. दम लागत नाही, म्हणजे आपण तयार झालो, असं त्याला वाटतं. मग नडगी ठणकायला लागते.

लोकांना वाटतं, ग्रुप माणसाला पुढे खेचतो. मला त्याचं मोठं काम उलटं वाटतं. तो मागे धरतो. पुढच्या दोघी बोलत बोलत चालल्यात, त्यांना ओलांडून एकट्याने सुसाट जाणं बरं दिसत नाही, म्हणून तुम्ही आवरता. हे आवरणं लाजेखातर सुरू होतं आणि हळूहळू पायांना आवडायला लागतं. (मागून “कमॉन, पुश” असं ओरडणारेही असतात. त्यांच्यापासून चार पावलं लांब राहावं.)

आता घोळका प्रभादेवी मागे टाकून वरळीकडे निघालाय. रस्त्याला अजून गर्दी नाही, म्हणूनच असलेल्या गाड्या भरधाव आहेत. सर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागे एक पळायला लावतात. पुढचा मोठ्याने सांगतो, “खड्डा, डावीकडे.” ते पुढून मागे, मागून त्याच्याही मागे जातं. तुम्ही तो खड्डा पाहिलेला नाही, तरी तुमचा पाय त्यात जात नाही. घोळक्यातल्या बायकांना विचारलंत तर त्या ग्रुपबद्दल आधी हेच सांगतील, जरा वेगळ्या अर्थाने. पहाटे पावणेपाचला अंधारात एकटीने रस्त्यावर पळणं या शहरातही सोपं नाही. कुणी काही केलं नाही तरी पाठीवर कान ठेवून पळावं लागतं. चार जणी बरोबर असल्या की ते कान मिटतात. पुरुषाला हा फरक मुद्दाम कल्पना करून समजून घ्यावा लागतो. कराच ती कल्पना. मागून पावलं ऐकू येताहेत. ती ओळखीची आहेत, हे कळेपर्यंतचा तो वेळ.

मग गप्पा सुरू होतात.

शेजारी पळणारा माणूस तुमच्याकडे बघत नाही, तुम्ही त्याच्याकडे बघत नाही. दोघांची नजर रस्त्यावर. या बैठकीत, तिला बैठक म्हणायचं तर, माणसं टेबलापाशी कधी बोलली नसती ते बोलतात. मुलाचं दहावीचं वर्ष, किडनी स्टोन, हप्ते, नोकरी जाते की काय ही धास्ती, आई आता नावं विसरायला लागली ते. सांगणारा दोन वाक्यं बोलतो, श्वास घेतो, पुन्हा दोन वाक्यं. ऐकणाऱ्याला मध्ये तोंड घालायला फारसा वाव नसतो, कारण सल्ला द्यायलाही दम लागतो. मला वाटतं, इतकं चांगलं ऐकणं आपल्याला दुसरीकडे क्वचित मिळतं, आणि त्याचं श्रेय आपल्या भलेपणाला नाही, फुप्फुसांना आहे. आठवडाभर ज्याचं आडनावही ठाऊक नसतं, त्याच्या आईच्या औषधांची नावं आपल्याला पाठ असतात.

मनात कुणा एकाला शेजारी आणा. ओळखीचं कुणीही, ज्याच्याशी बरेच दिवसांत नीट बोलणं झालेलं नाही. समोरासमोर बसवू नका. शेजारी ठेवा, दोघांची नजर पुढे. बोलू नका. त्या व्यक्तीची पावलं तुमच्यापेक्षा जलद आहेत की सावकाश, एवढंच ऐका.

हाजी अलीपर्यंत गप्पा टिकतात. तिथून पेडर रोडचा चढ लागतो आणि आपोआप सगळे गप्प होतात. शर्यतीच्या दिवशी हाच चढ याच दिशेने चढायचा असतो, फक्त तेव्हा पायांत तिसाहून जास्त किलोमीटर असतात. म्हणून सर दर वेळी इथूनच नेतात. पावलं आखूड होतात, हात खाली येतात, नजर पुढच्याच्या टाचेवर जाते. काही न ठरवता चौघा-पाचांची पावलं एका तालात पडू लागतात. शाळेतल्या कवायतीत मास्तर छडी घेऊन जे जमवत, ते इथे कुणी न सांगता जमतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्याच्या लक्षात येतं त्याचा ताल चुकतो.

आणि इथेच तुम्ही मागे पडता.

या ठिकाणी घाई करू नका. या मननाचा सगळा भार इथे आहे. आधी एका हाताचं अंतर पडतं. मग एका गाडीचं. पुढच्यांच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचता येत होती, ती येईनाशी होतात. पायांत काही बिघडलेलं नाही, गोळा नाही, टोचणी नाही. तुमचा दिवस एवढाच होता. मनात काय उमटतं? राग कुणावर येतो? पुढच्यांवर, जे थांबले नाहीत? की स्वतःवर? छातीत, गळ्यात, पोटात नेमका कुठे तो जाणवतो, तिथे लक्ष न्या. त्याला शब्द देऊ नका.

चढ संपल्यावर सिग्नलपाशी ते थांबलेले दिसतात. नुसते थांबलेले नाहीत. दोघे उलटे वळून तुमच्याकडे पळत येताहेत. चांगल्या ग्रुपात हा रिवाज असतो. पुढच्याने ठरावीक जागेवरून मागे यायचं, शेवटच्याला गाठायचं आणि त्याच्यासोबत पुन्हा पुढे जायचं. त्यात पुढच्यांचे पाय जास्त पळतात आणि मागच्याला एकटं वाटत नाही. हिशोब दोघांच्या सोयीचा आहे. तरी तुमच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो “सॉरी”.

“काकू, सॉरी कसलं? मलाही दम खायचाच होता.”

तो तिशीतला मुलगा धादांत खोटं बोलतोय. त्याला दम लागलेला नाही, कपाळावर धड घामही नाही. आता तुमचं काम एवढंच, की ते खोटं हसून घ्यायचं. हे पळण्यापेक्षा अवघड आहे. घरी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईला, किंवा नोकरीत कायम पुढे राहिलेल्या पुरुषाला, कुणीतरी आपल्यासाठी थांबणं सहजासहजी पचत नाही. आपण लगेच परतफेडीच्या गोष्टी शोधतो: पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी चिक्की आणीन, संत्री सोलून आणीन. आणा, जरूर आणा, वीस किलोमीटरनंतर संत्र्याच्या फोडीसारखं दुसरं काही नाही. पण त्याआधी चार श्वास नुसते उभे राहा. कुणीतरी तुमच्यासाठी मागे आलं आहे.

तुमच्यासाठी असं मागे कोण कोण आलं होतं? शाळेत, आजारपणात, पैसे नसताना. चेहरे येतील तसे येऊ द्या. त्यांतले काही आता भेटणार नाहीत.

जगातला अत्यंत वेगवान माणूसही या बाबतीत वेगळा नाही. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नामध्ये केनियाच्या इलियुद किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर पुरं करणारा तो पहिला माणूस. त्याच्यासोबत आळीपाळीने ४१ जण पळत होते. काही पुढे, वारा अडवायला, उलट्या बाणासारखी रचना करून, आणि काही मागे. हे ४१ जण स्वतः नामांकित धावपटू होते. प्रत्येकाने काही किलोमीटर पळायचं आणि बाजूला होऊन जागा पुढच्याला द्यायची. मदतनीस असे मध्येच बदलत राहिले, आणि ही खुली शर्यतही नव्हती, म्हणून ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. नियम म्हणून ते योग्यच आहे. पण मला त्या चित्रात किपचोगेपेक्षा बाजूला होणारा माणूस जास्त वेळ दिसत राहतो. आपला टप्पा संपला की तो कडेला होतो, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो आणि पाठमोरा घोळका लांब जाताना बघतो. कुणाच्या तरी बेचाळीसातले आपण चार-पाच किलोमीटर असतो. शिक्षक असतात, नर्स असतात, पहिल्या नोकरीतले साहेब असतात. तुम्ही कुणासाठी असे होतात?

जानेवारीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो रविवार उजाडतो, छातीवर नंबर लागतो, सीएसएमटीपाशी हजारोंच्या गर्दीत तुमचा ग्रुप पहिल्या काही किलोमीटरांतच विखुरतो, आणि पेडर रोडच्या चढावर तुमच्या आजूबाजूला जे असतात ते दुसऱ्या कुठल्या तरी मैदानावर पावणेपाचला जमणारे असतात. इमारतींतून उतरलेले लोक बिस्किटं, मीठ-लिंबू, केळी पुढे करतात. पदक मिळतं. फोटो निघतात, जरुरीपेक्षा जास्तच.

त्याहून जास्त वेळ मला एका जुन्या निकालावर घालवावासा वाटतो. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनसाठी भारतातून दोघे गेले होते: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी पळणारे धावपटू पाहून दोराबजी टाटांच्या मनात आलं, की यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे, आणि त्यातून तो प्रवास घडला. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. चौगुले एकोणिसावे आले. दातारांनी शर्यत पुरी केली नाही.

निकालात एवढंच उरतं. एकाच्या नावापुढे १९, दुसऱ्याच्या नावापुढे आकडा नाही. दोघे एकाच देशातून, एकाच शर्यतीसाठी एवढ्या लांब गेले होते. शर्यत संपल्यावर पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा आधी कोण बोललं असेल? इथे थांबा. चौगुल्यांच्या जागी उभे राहून बघा, मग दातारांच्या.

आता तुमच्या ग्रुपकडे या. सप्टेंबर संपतो, ऑक्टोबरचं ऊन तापतं, आणि एक माणूस यायचा बंद होतो. सुरुवातीला कारण येतं: गावाला गेलोय, ताप आहे. मग कारणही येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रविवारच्या धावेची वेळ पडते, त्याखाली उमटणाऱ्या अंगठ्यांत त्याचा अंगठा नसतो. सगळ्यांच्या ते लक्षात आलेलं असतं. बोलत कुणी नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की विचारलं तर त्याला ओशाळं वाटेल. यात थोडं तथ्य आहे आणि बराच आळस आहे.

तो माणूस मनात आणा. तुमच्या ग्रुपात नसेल तर दुसरीकडून घ्या; भजनी मंडळ, ऑफिस, सोसायटी, कॉलेजचे जुने मित्र, कुठेही असा एक असतोच. तो कुठल्या चढावर मागे पडला असेल? त्याच्याकडे कुणी वळून गेलं होतं का?

फोन करायचा तर रविवारी करू नका, त्या दिवशी त्याला ते हजेरी घेतल्यासारखं वाटेल. सोमवारी संध्याकाळी करा. गुडघ्याबद्दल आधी विचारू नका, आणि परत कधी येणार हे तर मुळीच नाही. आईची तब्येत कशी आहे, ते विचारा. औषधांची नावं तुम्हाला पाठ आहेत.